पाळणा, दोरी आणि बॅटरी

मराठीत 'पाळणा' हा शब्द तीन ठिकाणी येतो. तान्ह्या मुलाला निजविण्याचे साधन म्हणजे पाळणा. ते हलविताना म्हणावयाचे गीत, तोही पाळणाच. आणि आई कामावर गेली असता तिचे मूल जेथे सांभाळले जाते, ते पाळणाघर. तिन्ही शब्दांच्या मुळाशी 'पाळणे', म्हणजे जोपासणे, राखणे ही एकच क्रिया आहे. गंमत अशी की, हलविण्याचा अर्थ या शब्दात कोठेच नाही. हलणे हा पाळण्याचा गुण झाला. राखणे हा त्याचा धर्म.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे अलीकडे आपल्या घराघरांतून येऊ लागलेला बॅटरीवर चालणारा पाळणा. बाळंतपणाला माहेरी आलेल्या बहिणीसाठी पुण्या-मुंबईला नोकरीस असलेला भाऊ तो मोबाइलवरून मागवितो. बारशाच्या आधी एक मोठे खोके घरी येते. खोक्यातून नळ्या, कापड, स्क्रू आणि बारीक इंग्रजी अक्षरांतील एक माहितीपत्रक निघते. मग घरातील वडीलधारी मंडळी ते पत्रक महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती देतात आणि म्हणतात, "तू शिकलेला आहेस ना, मग वाच आणि जोड." कला शाखेच्या अंकात यंत्रावरचा लेख कशासाठी, असे कोणास वाटल्यास त्याचे उत्तर एवढेच आहे. ते पत्रक आपल्याच हाती येणार आहे, आणि त्या झोक्यात बसणारा जीव आपलाच भाचा किंवा पुतणी असणार आहे.

दोरीच्या पाळण्याचे गणित

नवे यंत्र समजून घेण्यापूर्वी जुने साधन पाहू. आपल्याकडील लाकडी पाळणा घराच्या तुळईला कड्या अडकवून चार दोऱ्यांनी किंवा साखळ्यांनी टांगलेला असतो. त्याचा तळ सपाट असतो. बाळ त्यात उताणे, आडवे निजते. पाळण्याला एक लांब दोरी बांधलेली असते. आजी भिंतीला टेकून बसते, दोरी हातात धरते आणि अधूनमधून हलकासा हिसका देते.

टांगलेली वस्तू किती वेळात एक पूर्ण झोका घेते, हे तिच्या वजनावर अवलंबून नसते. ते टांगणीच्या लांबीवर अवलंबून असते. लंबकाचा हा गुण गॅलिलिओने अभ्यासला, आणि त्याचाच आधार घेऊन हायगेन्सने १६५६ साली लंबकाचे घड्याळ तयार केले. आपला पाळणा तुळईपासून सुमारे सव्वादोन मीटर खाली टांगलेला असेल, तर एक झोका जाऊन येण्यास सुमारे ३ सेकंद लागतात. म्हणजे मिनिटाला २० झोके झाले. बाळ ३ किलोचे असो वा ६ किलोचे, ही लय बदलत नाही. आजीने जोर लावला तर झोका लांब जाईल, पण मिनिटाचे झोके जवळजवळ तितकेच राहतील.

झोक्याने बाळ शांत का होते, यालाही कारण आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात अर्धवर्तुळाकार नलिका व इतर सूक्ष्म इंद्रिये असतात. शरीर हलले, वळले, वर-खाली झाले की ती मेंदूला कळवितात. तान्ह्या मुलाला उचलून चालू लागताच त्याचे रडणे कमी होते, हाता-पायांची धडपड थांबते आणि हृदयाचे ठोके मंदावतात, असे जपानमधील संशोधकांनी २०१३ साली मोजून दाखविले. त्याच संशोधकांच्या गटाने २०२२ साली आणखी एक उपयुक्त गोष्ट सांगितली. रडणाऱ्या बाळाला घेऊन सुमारे ५ मिनिटे एकसारखे चालावे, ते झोपी गेले की लगेच खाली न ठेवता ५ ते ८ मिनिटे मांडीवर घेऊन बसावे, आणि मग निजवावे. म्हणजे ते दचकून जागे होण्याचा संभव कमी होतो. आपल्या आज्या हे मोजमाप न करता करीतच आल्या आहेत.

बॅटरीचा झोका कसा चालतो

बाजारात जो बॅटरीचा झोका मिळतो त्याची रचना वेगळी आहे. दोन्ही बाजूंना उलट्या 'व्ही' अक्षरासारखे पाय असतात. पायांच्या माथ्यावर दोन गोल डबे असतात, आणि त्यांपैकी एकात छोटी मोटर असते. डब्यांपासून दोन दांड्या खाली येतात व त्यांवर कापडी आसन बसविलेले असते. काही झोक्यांत मोटरीच्या दातेरी चाकांमुळे दांडी ढकलली जाते. काहींत तारेचे वेटोळे व चुंबक यांच्या साहाय्याने प्रत्येक फेरीला एक हलका धक्का दिला जातो. तत्त्व मात्र एकच, झोका जाऊन परत फिरतो त्या नेमक्या क्षणी थोडासा रेटा द्यावयाचा. जत्रेतील झोपाळ्यावर बसलेल्या मुलाला आपण असाच रेटा देतो.

त्यासाठी शक्ती किती लागते? बाळ व आसन मिळून ८ किलो वजन धरले आणि झोक्याच्या टोकाला ते २ सेंटिमीटर वर उचलले जाते असे मानले, तर त्यास लागणारी ऊर्जा सुमारे दीड ज्यूल होते. त्यातील थोडासा भाग हवेच्या व सांध्याच्या घर्षणात जातो, आणि तेवढाच मोटरीने भरून काढावयाचा असतो. हातातल्या जुन्या विजेरीच्या दिव्यालाही याहून जास्त वीज लागे. म्हणूनच चार सेलवर हा झोका तासन् तास चालू शकतो.

या झोक्याच्या दांड्या मात्र आखूड असतात. त्या ६० ते ७० सेंटिमीटर धरल्या तर एका झोक्यास दीड ते पावणेदोन सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सुमारे ३६ ते ३८ झोके होतात. तुळईच्या पाळण्यापेक्षा ही लय जवळजवळ दुप्पट जलद आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्या आजीला हा झोका 'घाईत' असल्यासारखा वाटतो, तो यामुळे. बटणावर १ ते ५ असे आकडे असतात व त्यांना आपण वेग म्हणतो. परंतु अशा झोक्यात आकडा वाढविल्याने मुख्यतः झोक्याची लांबी वाढते. लहान बाळाला १ किंवा २ हाच आकडा पुरेसा आहे. बाळ रडते म्हणून आकडा वाढवीत नेणे बरोबर नाही. ते भुकेले आहे का, ओले आहे का, त्याचे पोट दुखते आहे का, हे आधी पाहावे.

जोडणी

जोडणी बाळ येण्यापूर्वी, दिवसाउजेडी व घाई नसताना करावी. खोक्यातील सर्व भाग सतरंजीवर मांडावेत आणि पत्रकातील चित्राशी ताडून मोजावेत. एखादा स्क्रू कमी भरला तर घरातला दुसरा स्क्रू किंवा तार वापरून काम भागवू नये. दुकानदाराकडून तोच भाग मागवावा. उरलेले स्क्रू आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या लगेच उचलून ठेवाव्यात, कारण घरातील दोन-तीन वर्षांचे पोर त्या आधी उचलते. तोंडावर बसलेली प्लॅस्टिकची पिशवी लहान मुलाचा श्वास कोंडू शकते.

प्रथम पाय जोडावेत. नळीतील खटका समोरच्या भोकातून पूर्ण बाहेर आला पाहिजे. 'टक्' असा आवाज आला तरी डोळ्याने पाहून खात्री करावी. नंतर दोन्ही हातांनी नळी जोराने ओढून पाहावी. नळी सुटली नाही म्हणजे खटका बसला. डावा पाय आणि उजवा पाय सारखे दिसले तरी ते बहुधा वेगळे असतात, म्हणून त्यांवरील अक्षरे पाहावीत. पुढच्या-मागच्या पायांना जोडणारी आडवी नळी असल्यास ती वगळू नये. पाय फाकून घसरू नयेत यासाठीच ती असते.

त्यानंतर आसनाची चौकट व दांड्या जोडाव्यात आणि शेवटी कापड चढवावे. कापडाला मागे पट्ट्यांसाठी चिरा असतात. बहुतेक झोक्यांत पाच टोकांचा पट्टा असतो. त्याची दोन टोके खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून येते. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या उंचीस जुळणाऱ्या चिरेतून ओवावेत. पायांमधला पट्टा 'उगीच अडचण' म्हणून मागे खोचून ठेवण्याची पद्धत फार वाईट आहे. बाळ घसरून खाली सरकू नये हे काम तोच करतो. तो नसेल तर सरकलेल्या बाळाचा गळा वरच्या पट्ट्यात अडकू शकतो. समोर खेळण्यांची थाळी असते, तिला पट्ट्याची जागा देता येत नाही.

सर्व झाले की बाळाला बसविण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. ज्वारीची ५ किलोची पिशवी आसनात ठेवावी, पट्ट्याने बांधावी आणि अर्धा तास झोका चालू ठेवावा. या काळात पाय जागचे हलतात का, एखादा खटका आत जातो का, कोठे करकर वाजते का, मोटरीचा डबा तापतो का, हे पाहावे. अर्ध्या तासाने सगळे स्क्रू पुन्हा एकदा हाताने तपासावेत. पुढेही आठवड्यातून एकदा ही तपासणी करावी. शेजाऱ्यांकडून वा नातेवाइकांकडून आलेला जुना झोका असेल, तर ही परीक्षा दुप्पट काळजीने घ्यावी. आणि पट्टा वा खटका तुटलेला असल्यास तो झोका वापरू नये.

सेल आणि वायर

एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. चार सेल एकामागे एक लावले की ६ व्होल्ट होतात. पुन्हा भारित करता येणारे सेल १.२ व्होल्टचे असल्याने चारांचे ४.८ व्होल्टच भरतात. झोका थोडा मंद चालला तर त्यात बिघाड नाही. पत्रकात जो आकार व प्रकार सांगितला असेल तोच सेल घ्यावा, आणि चारही एकाच वेळी बदलावेत. तीन नवे व एक जुना असे मिश्रण केल्यास दुबळ्या सेलमधून प्रवाह बळेच ढकलला जातो, तो तापतो व फुटून गळू लागतो. गळलेला पदार्थ त्वचेला व डोळ्याला इजा करतो. महिनाभर झोका वापरावयाचा नसेल तर सेल काढून ठेवावेत. सेलच्या खणाचे झाकण स्क्रूने बंद होते, तो स्क्रू लावलाच पाहिजे.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून काही हौशी मंडळी झोक्याची वायर मोटारसायकलच्या किंवा इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडून देतात. ६ व्होल्टच्या मोटरीला १२ व्होल्ट दिल्यास ती तापते, आतील जोडण्या वितळू शकतात आणि झोका नको तेवढा जोराने चालतो. बाळ बसलेल्या यंत्रावर असला प्रयोग करू नये. अडॅप्टर वापरावयाचा असल्यास झोक्याबरोबर आलेलाच वापरावा, आणि त्याची वायर बाळाच्या हाताला लागणार नाही अशी भिंतीच्या कडेने न्यावी.

सर्वांत मोठा धोका मात्र मोठ्या सेलचा नसून नाण्याएवढ्या चपट्या सेलचा आहे. झोक्याच्या रिमोटमध्ये किंवा गाणाऱ्या खेळण्यात तो असतो. सुमारे २० मिलिमीटर रुंदीचा लिथियमचा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतच तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. असा नुसता संशय आला तरी उलटी करविण्याच्या खटपटीत न पडता, केळे-भात न भरविता, मुलाला तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि सेलचे पाकीट बरोबर घ्यावे.

धोका नेमका कशात आहे

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. लाकडी पाळण्यात बाळ आडवे असते; बॅटरीच्या झोक्यात ते टेकून, अर्धवट बसलेले असते. हा फरक दिसावयास लहान असला तरी तो जीवनमरणाचा आहे. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने फार मोठे असते. जन्मतः ते एकूण लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश भरते. मानेचे स्नायू मात्र कोवळे असतात आणि श्वासनलिका मऊ व अरुंद असते. बसत्या आसनात बाळाला झोप लागली की मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. पाण्याची मऊ नळी दुमडली की पाणी थांबते, तसा येथे श्वास थांबतो. यात मूल रडत नाही, धडपडत नाही. दुरून पाहणाऱ्यास ते शांत निजलेले दिसते.

अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला पाठीवर झोपवा' अशी मोहीम सुरू झाली आणि पुढील वर्षांत तेथील तान्ह्या मुलांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू निम्म्याहून अधिक कमी झाले. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे. बाळ सपाट, घट्ट व उतार नसलेल्या अंथरुणावर उताणे झोपवावे. आणि झोक्यात वा मोटारीतील आसनात त्याला झोप लागलीच, तर शक्य तितक्या लवकर उचलून सपाट जागी निजवावे.

हा सल्ला किती महाग पडून मिळाला आहे, हे काही घटनांवरून कळते. फिशर-प्राइस या मोठ्या कंपनीने बाळाला तिरपे निजविण्याची सुमारे ४७ लाख साधने एप्रिल २०१९ मध्ये बाजारातून परत बोलाविली. तोपर्यंत त्यांत ३०हून अधिक मुलांचे मृत्यू नोंदले गेले होते. २०२२ साली अमेरिकेने कायदाच केला, की १० अंशांहून अधिक उतार असलेले साधन मुलाला झोपविण्यासाठी विकता येणार नाही. झोके या बंदीत येत नाहीत, कारण ते झोपण्यासाठी म्हणून विकले जात नाहीत. आपल्या घरात मात्र झोका घेतला जातो तो बाळ झोपावे म्हणूनच! पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीचे २० लाखांहून अधिक बॅटरीचे झोके परत बोलावण्यात आले. २०१२ ते २०२२ या काळात त्यांत एक ते तीन महिने वयाची पाच मुले झोपेत दगावली होती. बहुतेक प्रसंगी मूल पट्ट्याने बांधलेले नव्हते आणि आसनात वरून अंथरूण-पांघरूण घातलेले होते. डोक्याखालची मऊ उशी व अंगाखालची गादी कापून काढावी, असे त्या झोक्यांच्या मालकांना सांगण्यात आले.

आपल्याकडे बाळाचे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी ठेवतात. झोक्यात ती ठेवली तर डोके पुढे ढकलले जाते आणि हनुवटी छातीवर येते. म्हणून झोक्यात उशी नको, दुपट्याची घडी नको, वाकळ नको. मान धरू न शकणाऱ्या बाळासाठी आसन जास्तीत जास्त मागे झुकविलेलेच असावे. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोक्यात बसवूच नये. बाळ जागे असताना, कोणी समोर असताना, एका वेळी वीस-पंचवीस मिनिटे झोका पुरे. त्याचे डोळे मिटू लागले की उचलावे. श्वासाचा घरघर आवाज आला, ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी छातीला टेकलेली दिसली, तर क्षणाचाही विलंब न लावता उचलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे.

आणखी एक प्रसंग पट्ट्यांचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेतील दुसऱ्या एका कंपनीचे २० लाखांहून अधिक झोके परत बोलावले गेले. त्यांत बसलेल्या मुलाला काही झाले नव्हते. रिकाम्या झोक्याच्या खाली लोंबणाऱ्या पट्ट्यात रांगणाऱ्या मुलाचा गळा अडकला होता आणि दहा महिन्यांचे एक मूल दगावले होते. त्यापासून शिकावयाचे ते असे, की बाळ नसतानाही झोका बंद करावा, पट्टे बक्कल लावून वर ठेवावेत आणि रांगणाऱ्या मुलाला त्याच्याजवळ सोडू नये. बाळाच्या गळ्यातील काळा दोरा किंवा ताईत झोक्यात बसविताना काढून ठेवावा, नाहीतर तो पट्ट्याच्या बकलात अडकतो.

जागा आणि ऋतू

झोका सपाट जमिनीवरच ठेवावा. शहाबादी फरशीचे सांधे उंच-सखल असतील, तर चारही पाय टेकले आहेत याची खात्री करावी. खाली चिंधी किंवा विटेचा तुकडा घालू नये. पलंगावर, ओट्यावर, जिन्याजवळ झोका नको. चूल, शेगडी, देवघरातील निरांजन, कूलरची वायर आणि पडद्याची दोरी यांपासून तो दूर असावा. आपल्या भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात उष्मा त्याहून अधिक जाणवतो. झोक्याचे कापड बहुधा कृत्रिम धाग्याचे असते, ते पाठीला तापते. अशा वेळी टोपडे व कुंची घालून बाळाला झोक्यात बसवू नये. मानेमागे हात लावून घाम आहे का ते पाहावे.

घरात मोठी भावंडे असतात. त्यांना झोका खेळण्यासारखा वाटतो. 'हाताने ढकलायचे नाही, बटणे दाबायची नाहीत, आत बसायचे नाही' हे तीन नियम त्यांना पहिल्याच दिवशी सांगावेत. बाळासकट झोका उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ नये. आणि बाळ स्वतः उठून बसण्याची खटपट करू लागले, किंवा पत्रकातील वजनाची मर्यादा गाठली, यांपैकी जे आधी होईल त्या दिवशी झोका उतरवून माळ्यावर टाकावा.

झोळीलाही हेच नियम

हे वाचून 'आमची झोळीच बरी' असे कोणी म्हणेल. झोळीचे गुण पुष्कळ आहेत. तिला खर्च नाही, ती कोठेही बांधता येते, हवा खेळती राहते. परंतु साडीच्या झोळीतही बाळ धनुष्यासारखे वाकते, हनुवटी खाली येते आणि कापडाच्या कडा चेहऱ्यावर मिटतात. मोठी मुले झोळीत गिरक्या घेत खेळतात व साडीला पीळ बसून गळफास लागतो, अशा बातम्या देशात वरचेवर येतात. हल्ली झोळीला वरून स्प्रिंग व मोटर लावून ती वर-खाली हलविण्याची यंत्रेही मिळतात. त्यांत टांगणीची कडी, स्प्रिंग आणि तुळई यांवर एकसारखा झटका बसत असल्याने कडी घासून झिजते. ती दर आठवड्याला पाहिली पाहिजे. सपाट तळाचा, कठडे उंच असलेला लाकडी पाळणा झोपण्यासाठी या सर्वांहून बरा. पण बाळ कुशीवर वळू लागले की तोही सोडावा लागतो. निर्दोष साधन एकही नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

राखण कोणाची?

दोरीच्या पाळण्यात एक गोष्ट अशी होती, जिची किंमत आपण कधी केली नाही. दोरीचे एक टोक पाळण्याला असे आणि दुसरे माणसाच्या हातात. पाळणा हलतो आहे याचाच अर्थ कोणीतरी जवळ आहे, असा होता. आजीला डुलकी लागली की पाळणा थांबे, बाळ कुरकुरे आणि आजी जागी होई. बॅटरीने दोरीचे काम उचलले. आता घरात कोणी नसले तरी झोका हलत राहतो. हात मोकळा झाला, हे चांगलेच झाले. घरच्या सुनेला दोन घास निवांत जेवता येतात. पण हाताबरोबर नजरही मोकळी होते, आणि धोका तेथून सुरू होतो. यंत्र झोका देते. बाळाची मान झुकली हे त्याला दिसत नाही.

आपल्या गंगाखेड तालुक्यातील गावांतून व तांड्यांवरून दिवाळीनंतर कितीतरी जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांची तान्ही मुले फडाच्या बांधावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत असतात. त्या आईच्या हातात कोयता असतो. दोरी धरावयास हात नाही आणि आजी गावी राहिलेली असते. बहुधा सात-आठ वर्षांची थोरली बहीण शाळा सोडून झोळीजवळ बसते. तिला बॅटरीचा झोका नेऊन दिला तर तिचे काम संपेल काय? मुळीच नाही, कारण उणीव हलविणाऱ्याची नसून राखणाऱ्याची आहे.

या उणिवेची जाण आपल्या देशात नवी नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह ते वाढविले. त्यात बालवाडीच्या जोडीने पाळणाघरही होते, कारण धाकट्याला सांभाळण्यासाठी थोरली घरी राहते हे त्यांनी पाहिले होते. १९४८च्या कारखाने अधिनियमात ५०हून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यात पाळणाघराची तरतूद झाली. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी इमारतीच्या बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर काढले. २०१७च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर प्रसूती लाभ कायद्याखाली पाळणाघराची जबाबदारी आली. कारखान्याच्या चार भिंतींत असे कायदे पोहोचतात. उसाच्या फडापर्यंत ते पोहोचविणे हे अजून राहिलेले काम आहे. बांधकामावर फिरते पाळणाघर चालू शकते, तर फडावरही ते चालावयास हरकत नाही. आपल्यातील जे समाजकार्य, शिक्षण वा प्रशासनाकडे वळतील, त्यांनी ते मनावर घ्यावे.

जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेल्या व तेथे कामाला लागल्या, अशी परंपरा आहे. त्यांच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठल लेकुरवाळा होऊन येतो. त्याच्याभोवती संतांची मांदियाळी मुलांच्या रूपाने आहे. कोणी खांद्यावर, कोणी हात धरून, कोणी पुढे, कोणी मागे. दळण-कांडण करणाऱ्या बाईने देवाचे चित्र काढले ते असे, की एकही मूल त्याच्या हाताबाहेर नाही.

बॅटरीचा झोका घरी आला तर त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तो नीट जोडावा, पट्टा बांधावा, सेल तपासावेत, आणि मग त्याच्यासमोर सतरंजी टाकून आपणही बसावे. हातात पुस्तक असले तरी चालेल. मात्र दर पानाला एकदा डोळे वर उचलावेत. घरातील आजीला पत्रक वाचता येत नाही, पण हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही एवढे तिला सांगितले, तर उरलेले सगळे ती आपल्याहून चांगले जाणते.